बावन्न आटे

सकाळी सहाच्या सुमारास आमच्या नळाला पाणी येतं आणि सातला जातं. त्या तासाभरात आमच्या घरात कोणी कोणाचं नसतं. त्या दिवशीही मी एका शेगडीवर दूध आणि दुसरीवर चहा ठेवून पिंप भरत होते, सासूबाई पाणी गाळायचं फडकं शोधत होत्या, आणि आमचे हे गालाला साबण फासून "बादली भरली का" असं विचारत आतबाहेर करत होते, जणू यांनी विचारेपर्यंत बादली भरायची थांबली होती. तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप म्हणजे येणारा बेलला बिचकणारा असणार.

दारात चावीदादा उभे होते.

चावीदादा म्हणजे आमच्या भागात पाणी सोडणारे. रस्त्यात लोखंडी झाकणाखाली खड्डे असतात, खड्ड्यात पाण्याचे व्हॉल्व्ह असतात. छातीएवढ्या उंच लोखंडी चावीने ते फिरवायचे, एकेका गल्लीला पाणी सोडायचं आणि वेळेवर बंद करायचं, हे त्यांचं काम. नोकरी सरकारी, पण अगदी शेवटच्या पायरीवरची, जिच्याखाली फक्त रस्ता. अठरा वर्षांत ते आमच्या दारापर्यंत कधी आले नव्हते. गच्चीवरची टाकी वाहायला लागली तर फाटकातूनच हाक मारायचे, आणि ती हाक बहिऱ्यालाही ऐकू जायची. आज त्यांनी चावी जिन्याच्या कठड्याला टेकवली होती, चपला दोन पायऱ्या खाली काढल्या होत्या, आणि हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद होता.

"ताई, चार ओळी लिहून द्याल का?" ते म्हणाले. त्यांच्या मते हे हळू आवाजात होतं. "आज शेवटचा दिवस आहे. बाराच्या आत द्यायचंय."

"घराचं का?"

"घराचंच."

आत या म्हटलं तर म्हणाले, आत्ता नको, खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडा आहे, सातला बंद करून येतो. आणि चावी कठड्याला लागणार नाही अशी जपून उचलून ते उतरले.

घराची गोष्ट आमच्या गल्लीला माहीत होती. म्हणजे तिच्यातला विनोद माहीत होता. चावीवाल्याला सोडतीत सरकारी घर लागलं आणि नाव पुकारलं तेव्हा हा गडी जागेवरच नव्हता. दूध घ्यायला उभ्या राहणाऱ्या लोकांना ही गोष्ट दोन दिवस पुरली. आमच्या इमारतीच्या चेअरमननी ती जातीने सांगितली, कारण ते सोडतीला मंचावर बसले होते. ह्या लोकांना घरं द्यायचीच कशाला, असा त्यांनी समारोप केला. दूध घेऊन सगळे घरी आले. मीसुद्धा.

ह्या चेअरमनबद्दल आणि आमच्या इमारतीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. आमच्या फाटकाशी एक दगड आहे. ही वसाहत अल्पवेतन सरकारी कर्मचाऱ्यांसाठी बांधली आहे असं त्याच्यावर कोरलेलं आहे. हल्ली त्या दगडापुढे एक भली मोठी कुंडी ठेवली आहे, आणि तिच्यातलं झाड दाट वाढावं म्हणून सोसायटी जिवापाड जपते. छत्तीस घरं आहेत. त्यांत आज शिपाई नाही, सफाई कामगार नाही, आणि अर्थातच पाणी सोडणाराही नाही. चेअरमन त्या काळी घरांच्याच खात्यात साहेब होते. त्यांनी त्यांचं घर ड्रायव्हरच्या नावावर घेतलं. ड्रायव्हर त्या घरात जन्मात एकदा आला, सही करायला, आणि उभ्या उभ्या पाणी पिऊन गेला. आमचं घर एका शिपायाला लागलं होतं. मग लिफ्टची वर्गणी निघाली, रंगाची निघाली, कमानीची निघाली, आणि कमान पुरी व्हायच्या आत तो आमच्या सासऱ्यांना घर विकून शहराबाहेर गेला. दोघांचीही सोय झाली, असं सासरे म्हणायचे. एकाची झाली हे मी रोज पाहते. दुसऱ्याला आम्ही विचारलं नाही.

तर अशा इमारतीला चावीदादा रोज पाणी देतात, आणि दहा मिनिटं उशीर झाला की छत्तीस गॅलऱ्यांमधून त्यांची खरडपट्टी निघते. त्यात चेअरमनचा आवाज सगळ्यांत वरचा. चेअरमन नळाखाली हात धरून उभे राहतात आणि पाणी आलं नाही की ते जणू कोणी त्यांच्या खिशातून काढून घेतलंय असं ओरडतात.

चावीदादांचं स्वतःचं बिऱ्हाड टेकडीवर आहे. टेकडीवर पाण्याची टाकी, टाकीखाली पंपघर, आणि पंपघराला चिकटून अवजारं ठेवायची एक खोली. सव्वीस वर्षांपूर्वी तेव्हाच्या इंजिनिअरने सांगितलं, इथेच राहा, पंपापाशी कोणीतरी हवंच. खात्याला फुकट राखणदार मिळाला, आणि खात्याने उपकार केल्याची नोंद करून ठेवली. कागदावर ती आजही अवजारांची खोली आहे. तिच्यात नवरा, बायको आणि नर्सिंग शिकणारी मुलगी अशी तीन अवजारं राहतात.

मी एकदा तिथे गेले होते. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, शिवण करतात, माझे कपडे आणायचे होते. भिंतीपलीकडे पंप चालू होता आणि सगळी खोली बारीक थरथरत होती. फळीवरची भांडी चालत चालत कडेला येतात, म्हणून फळीच्या कडेला लाकडी पट्टी ठोकलेली. पंप चालू असताना वहिनी मशीनवर बसत नाहीत, टाका पळतो. तिघंही एकमेकांशी ओरडूनच बोलतात, आणि त्यांना ते ओरडणं वाटत नाही. मुलगी लहान असताना शाळेतून चिठ्ठी आली होती की ही फार उद्धट बोलते. वहिनींनी बाईंना टेकडीवर बोलावून चहा पाजला. पंप चालू झाल्यावर बाईंनी साखर कमी आहे हे तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ओरडून. मग वहिनी म्हणाल्या, बघा, तुम्हीपण उद्धट झालात.

निवृत्तीला आता तीन वर्षं राहिली आहेत. निवृत्त झाल्याच्या दिवशी खोली सोडायची. शहर असं वाढलंय की त्या पगारात परवडणारी खोली दोन बस बदलून गेल्यावर लागते, आणि तीही चावीदादांच्या आधी दुसऱ्याने पाहिलेली असते. त्या आधी कधी बिऱ्हाड हलवता आलं नाही, कारण पहाटे पाचला पहिला व्हॉल्व्ह उघडायचा आणि तिथून पहिली बस सहाची. शहराला पाणी देणारा माणूस शहरात राहिलाच पाहिजे, हे पाण्याला कळतं, खात्याला कळत नाही.

म्हणून अल्पवेतन कर्मचाऱ्यांसाठी नव्या घरांची योजना निघाली तेव्हा त्यांनी अर्ज केला. तिचं माहितीपत्रक वहिनींनी जपून ठेवलंय. त्यावर गॅलरीत बसलेली एक बाई आहे, हातात कप, समोर निळं तळं. शहरात तळं नाही. जे होतं ते बुजवूनच ही घरं बांधली. घरं चाळीस, अर्ज चार हजारांवर. अर्जाला पगार कमी असल्याचा दाखला लागत होता. म्हणजे आपण ह्या माणसाला कमी देतो का, असं सरकारने सरकारला विचारलं, आणि उत्तर यायला तीन महिने लागले. राहत्या जागेचा पुरावा मागितला तर अवजारांच्या खोलीत माणूस राहतो असं लिहून द्यायला कोणी तयार होईना. शेवटी आताच्या इंजिनिअरने लिहून दिलं की सेवेच्या सोयीसाठी तात्पुरतं वास्तव्य. सव्वीस वर्षांचं तात्पुरतं.

आणि चार हजारांतून त्यांचं नाव निघालं. असं होत नाही, पण झालं.

सात वाजून दहा मिनिटांनी ते परत आले तेव्हा मागे वहिनीही होत्या. टेबलाशी बसवलं, चहा दिला, आणि मी टिपून घ्यायला कागद-पेन घेतलं. पुढची हकिगत दोघांनी मिळून सांगितली. म्हणजे चावीदादांनी सांगितली आणि वहिनींनी जागोजागी चिमटे काढले.

सोडतीच्या दिवशी त्यांनी रजा घेतली होती. मुलीच्या जन्मानंतरची पहिली रजा. ह्या सव्वीस वर्षांत हजेरीच्या वहीत त्यांच्या नावापुढे एकही लाल खूण नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, कपाकडे बघत होते. त्यांच्या जागी दुसऱ्या भागातला एक बदली माणूस दिला होता, स्वतःची चावी घेऊन. तरी चावीदादा आपली चावी घेऊनच सोडतीला गेले. रजेवर चावी कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, हात रिकामा वाटतो.

"मला कधी हात धरून नेलं नाही कुठे," वहिनी म्हणाल्या. "तिला मात्र सव्वीस वर्षं खांद्यावर."

सभागृहाच्या दारावरच्या पहारेकऱ्याने चावी आत नेऊ दिली नाही. हत्यार आहे म्हणाला. वहीत नोंद करून, सही घेऊन ठेवून घेतली. आत थंडगार हवा, दारं बंद, मंचावर हार, साहेब, पाण्याच्या बाटल्या आणि आमचे चेअरमन, ज्येष्ठ मार्गदर्शक म्हणून. ड्रायव्हरच्या नावावर घर घेणाऱ्याने गरिबांच्या घरांना मार्गदर्शन करायचं. उंदीर कसे पकडावेत हे मांजराने सांगावं, तेही उंदरांच्या मेळाव्यात. नियम असा होता की ज्याचं नाव निघेल त्याने तीन वेळा पुकारायच्या आत मंचावर जाऊन सही करायची.

चावीदादा खिडकीशी बसले होते. पहिली सात-आठ नावं झाली. तेवढ्यात त्यांना काचेबाहेर पाण्याची धार दिसली. सभागृहाच्या गच्चीवरची टाकी भरून वाहत होती. त्यांनी घड्याळ पाहिलं. त्या रस्त्याचा व्हॉल्व्ह दहाला बंद व्हायला हवा होता, आणि पावणेअकरा झाले होते. बदली माणूस उघडून गेला होता तो गेलाच होता. तुम्हीआम्ही म्हटलं असतं, वाहू दे. साहेबांची टाकी, साहेबांचं पाणी. मंचावरच्या एकालाही ती धार दिसली नाही, आणि दिसली असती तरी त्यांनी ती शोभेची समजली असती. पण त्या रस्त्यानंतर पाणी जातं ते नाल्याकडच्या शेवटच्या गल्लीला, पत्र्याच्या घरांना. रस्त्याचा व्हॉल्व्ह उघडा राहिला की तिथे नळ नुसता सूं सूं करतो. तिथल्या बायका घागरी मांडून बसलेल्या असणार, आणि त्या बायका दुपारी कामावर जातात, हे चावीदादांना माहीत होतं.

"पाच मिनिटांचं काम," ते म्हणाले. "चाळीस नावं होती. मला वाटलं, माझं काय एवढ्यात येतंय."

"तेवढी एक गोष्ट ह्यांना बरोबर वाटत आली आयुष्यभर," वहिनी म्हणाल्या. "आपलं एवढ्यात येत नाही."

त्यांनी दाराशी चावी मागितली. पहारेकऱ्याने पुन्हा वहीत नोंद केली, वेळ टाकली, सही घेतली. खड्डा फाटकासमोरच रस्त्यात. झाकण काढून चावी बसवली आणि फिरवायला लागले. चावीच्या एका पुऱ्या फेऱ्याला ते आटा म्हणतात. आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह अठ्ठावीस आट्यांचा आहे, हा मोठा, बावन्न आट्यांचा. सगळ्या भागातल्या सगळ्या व्हॉल्व्हचे आटे त्यांना पाठ आहेत, आपल्याला पाढे असतात तसे. मोठा व्हॉल्व्ह घाईने बंद करायचा नसतो आणि अर्ध्यात सोडायचा तर मुळीच नसतो. पाणी आत आपटत राहतं, जुन्या पाइपाचा जोड सुटतो, आणि मग तीन दिवस अख्खा भाग कोरडा. हे त्यांच्या वस्तादाने त्यांना शिकवलं होतं, आणि सव्वीस वर्षांत त्यांनी ते एकदाही मोडलं नव्हतं.

एकतिसाव्या आट्याला भोंग्यावर त्यांचं नाव आलं.

मी लिहायचं थांबले. सासूबाई पिंपाचं झाकण हातात घेऊन तशाच उभ्या होत्या.

"मग तुम्ही काय केलंत?"

"बत्तीस," ते म्हणाले.

ते ओरडले, आहे, आलो, थांबा म्हणून. असा आवाज, जो पंप चालू असतानाही मुलीला ऐकू जातो. पण भोंगा बाहेर लावला होता, आतला आवाज बाहेर नेण्यासाठी. बाहेरचा आवाज आत न्यायला काहीच लावलेलं नव्हतं, आणि ते कोणाला सुचलंही नव्हतं. रस्त्याने जाणारे दोघे थांबून हसले. छत्तिसाव्या आट्याला दुसऱ्यांदा नाव आलं, एकेचाळिसाव्याला तिसऱ्यांदा. मग दुसरं कोणाचं तरी. चावीदादांनी बावन्न पुरे केले, झाकण बसवलं, ते डुगडुगत नाही ना हे पायाने पाहिलं, आणि धावले. दाराशी पहारेकऱ्याने आधी चावी जमा करायला लावली. सही घेतली.

आत गेले तेव्हा पाय घोट्यापर्यंत चिखलाचे. त्यांच्या जागी प्रतीक्षायादीतली एक बाई मंचावर सही करत होती, सरकारी दवाखान्यात झाडू मारणारी. ती रडत होती. चावीदादा मंचाच्या पायरीशी जाऊन म्हणाले, साहेब, मी आहे. त्यांच्या आवाजाने पहिल्या रांगेतली माणसं दचकली. साहेब माइकवरून म्हणाले, हे बघा, वर्षानुवर्षं घर द्या म्हणून मागे लागतात, आणि घर द्यायची वेळ आली की चहाला जातात. सभागृह हसलं. घर न लागलेलेही हसले, त्यात नवल नाही. साहेबाच्या विनोदाला हसणं हा अल्पवेतनातच धरलेला भत्ता असतो.

चेअरमननी त्यांना पाहिलं होतं. हा माणूस चहाला जाणारा नाही, हे त्या मंचावर एकट्या चेअरमनना माहीत होतं. अठरा वर्षं त्यांनी त्याला घड्याळ लावून शिव्या घातल्या होत्या. त्यांनी समोरची पाण्याची बाटली उचलली आणि तिच्यावर छापलेलं वाचायला घेतलं.

नंतर चावीदादा कार्यालयात गेले. तिसरा मजला, खिडकी बंद, जेवणाची सुट्टी, उद्या या, साहेब नाहीत, साहेब आहेत पण बसलेले नाहीत. चौथ्या खेपेला तिथल्या कारकुनाने सोडतीची नोंदवही उघडून दाखवली. त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं, "पुकारूनही गैरहजर. सबब घराची गरज नाही असे समजावे." ही नोंद राहिली तर पुढच्या कुठल्याही सोडतीत अर्ज करता येत नाही. नोंदीवर हरकत घ्यायची असेल तर पंधरा दिवसांत, लेखी.

चावीदादांनी सांगितलं की मी बाहेर होतो. कारकून म्हणाला, बाहेर म्हणजेच गैरहजर, आणि आवाज कमी करा. चावीदादा म्हणाले, कामावर होतो. त्यावर कारकुनाने संगणकात पाहिलं आणि खूश झाला. त्या दिवशी तुमची रजा मंजूर आहे. रजेवरचा माणूस कामावर कसा असेल? उलट रजेवर असताना सरकारी व्हॉल्व्हला हात लावला म्हणून तुमच्याच खात्याला तुम्हाला विचारावं लागेल. म्हणजे हजेरीत ते रजेवर होते, सोडतीत गैरहजर होते, आणि व्हॉल्व्ह आपोआप बंद झाला होता. त्या दिवशी चावीदादा कुठेच नव्हते. एवढा मोठा माणूस, हातात छातीएवढी चावी, आणि सरकारला तो कुठेही सापडेना.

मग ते पुन्हा सभागृहावर गेले आणि पहारेकऱ्याच्या हातापाया पडून त्याच्या वहीतल्या पानाची प्रत काढून आणली. तोच तो पिशवीतला कागद. मी उघडून पाहिला. लोखंडी चावी, एक नग, बाहेर दिली, वेळ, सही. लोखंडी चावी, एक नग, आत जमा, वेळ, सही. दोन सह्यांमध्ये सोळा मिनिटं. कारकुनाने तोही वाचला होता. म्हणाला, ह्यावरून चावी बाहेर होती एवढं सिद्ध होतं.

"शिकलेला आहे हो," वहिनी म्हणाल्या. "मीच म्हटलं ह्यांना, पुढच्या वेळी अर्ज चावीच्या नावाने करा. तिला तरी हजर धरतील." आणि मग माझ्याकडे वळून, "लिहा ताई, चांगलं झणझणीत लिहा. ह्यांनी सगळ्या शहराला पाणी पाजलं, आता ह्या साहेबाला तुम्ही पाजा."

मी लिहिलं. माझं अक्षर बरं आहे, आणि कॉलेजात शिकलेलं कधीतरी उपयोगी पडावं असं मलाही वाटतं. दीड पान झालं. बावन्न आटे लिहिले, पत्र्याची घरं लिहिली, साहेबांच्या विनोदाचा मान राखून तो जसाच्या तसा लिहिला. मंचावर कोण कोण होतं ते लिहिलं, आणि त्यांतल्या एकाचं स्वतःचं घर कोणाच्या नावावर आहे तेही लिहिलं. आमच्या फाटकाशी असलेल्या दगडावर काय कोरलं आहे, हे कुंडी सरकवून पाहावं, असंही सुचवलं. शेवटी मागणी केली की सोडत रद्द करून चौकशी व्हावी आणि अर्जदाराला त्याचं घर मिळावं.

आमचे हे तोपर्यंत दाढी आटोपून मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी खांद्यावरून वाचलं आणि म्हणाले, चेअरमनचं कशाला, उगाच शेजारधर्मात कटुता. मी म्हटलं, शेजारी तर चावीदादाही आहेत, आपल्या नळाचे. ह्यांनी वर्तमानपत्र उचललं. आमच्या घरातलं धैर्य नेहमी वर्तमानपत्राच्या मागे बसतं.

मी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. वहिनींनी दगडाच्या ओळीला मान डोलावली आणि कारकुनाची ओळ पुन्हा वाचायला लावली. चावीदादा दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं. साडेआठला वरच्या गल्लीचं पाणी बंद करायचं होतं, आणि तिथून बस पकडून कार्यालय.

"छान लिहिलंय, ताई," ते म्हणाले. "खरं आहे सगळं. पण एवढं कोण वाचणार तिथे? आणि सोडत रद्द झाली तर त्या झाडूवाल्या बाईचं घर जाईल. तिने काय केलंय? ती हजर होती."

"आणि आपण?" वहिनी म्हणाल्या. "आपण कुठे जायचं तीन वर्षांनी? चावी रोवून तिच्यावर पत्रा टाकायचा?"

"पुढची सोडत आहे ना," ते म्हणाले. "नोंद नीट असली तर परत अर्ज करता येतो."

वहिनींनी रिकामे कप एकात एक ठेवले.

मी दुसरा कागद घेतला. वर तारीख घातली, साहेबांचा हुद्दा घातला, आणि काय लिहू म्हणून विचारलं. चावीदादा उठून उभे राहिले, जसे कार्यालयात उभे राहत असतील तसे, आणि पहिल्यांदाच खरोखर हळू आवाजात म्हणाले,

"लिहा की माझ्या नावापुढे गैरहजर असं लिहिलंय. ते खोडून तिथे कामावर होता असं लिहा. एवढंच."